हिरव्या डागाआधी भ्रंश शोधा

पश्चिम ॲरिझोनात बिल विल्यम्स नदीच्या दक्षिणेला बकस्किन डोंगररांग आहे. झाडोरा जवळजवळ नाहीच, त्यामुळे खडक उघडा पडलेला असतो आणि तांब्याचा हिरवा-निळा डाग लांबूनच नजरेत भरतो. स्वान्झी आणि प्लॅनेट या जुन्या खाणी याच भागातल्या. आसपासच्या उतारांवर लहानसहान खड्डे आणि बोगदे आहेत. अशा ठिकाणी लोक थेट हिरव्या दगडाकडे धावतात. आधी भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवरून खडक सरकले आहेत ती, शोधायला हवा, कारण इथलं तांबं भ्रंशाच्या मर्जीनं बसलं आहे.

मायोसीन काळात (सुमारे 2.3 कोटी ते 50 लाख वर्षांपूर्वी) इथलं भूकवच ताणलं गेलं आणि वरचा खडक एका मंद उताराच्या डिटॅचमेंट भ्रंशावरून घसरत गेला. खाली दबून, पिळवटून पट्टेदार झालेला कठीण खडक, म्हणजे मायलोनाइटी नीस. वर तुटके-कललेले चुनखडीचे, वालुकाश्माचे आणि ज्वालामुखी खडकांचे तुकडे. गरम, खारं पाणी याच फटीतून फिरलं. त्यानं आधी कॅल्कोपायराइट (तांबं-लोह-गंधकाचं खनिज) आणि पायराइट (लोह-गंधकाचं) दिलं, मग चकचकीत पत्र्यांचं स्पेक्युलर हेमटाइट हे लोहखनिज, आणि हवापाण्याचा संपर्क आल्यावर शेवटी मॅलाकाइट आणि क्रिसोकोला ही तांब्याची हिरवी-निळी खनिजं. वरच्या तुकड्यांत जिथे चुनखडी होती, तिथे हेमटाइटनं तिची जागाच घेतली. मोठे साठे बहुधा तिथेच.

जमिनीवर भ्रंश ओळखायचा तो त्याच्या कठीण तपकिरी पट्ट्यावरून. दगड चकमकीसारखा घट्ट, भिंगाखाली पाहिलं तर अतिबारीक चुरा घट्ट बसलेला. बाजूचा खडक झिजतो आणि हा पट्टा कठड्यासारखा पुढे येतो. त्याच्या लगेच खाली मळकट हिरवा क्लोराइटी कोणाश्म (टोकदार तुकड्यांचा, क्लोराइट या हिरव्या खनिजानं भरलेला खडक) लागतो. हा हिरवा रंग तांब्याचा नाही. आपल्याकडे बेसॉल्टच्या पोकळ्यांतलं सेलॅडोनाइट हिरवं असतं, पण त्यातही तांबं नसतंच. शंका असेल तर दगड फोडून ताजी बाजू बघा. क्लोराइट आणि एपिडोट ही खनिजं आतपर्यंत हिरवी दिसतात. तांब्याचा डाग पुष्कळदा खडकातल्या फटीवर मिलिमीटरभर जाडीचाच असतो.

चाचण्या साध्या आहेत. दगडाची पूड करून तिच्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाका. मॅलाकाइट फसफसतं, क्रिसोकोला नाही. शेजारी कॅल्साइटची शीर असेल तर तीच जोरात फसफसते आणि फसवते, म्हणून हिरवा भाग वेगळा खरवडून घ्या. काळ्या चकचकीत खनिजाचा कस काढा, म्हणजे ते खरखरीत चिनी मातीवर घासून रेघेचा रंग बघा: तांबूस-तपकिरी आला तर हेमटाइट, काळा आला तर मॅग्नेटाइट.

‘खाली गेलं की माल सुधारेल’ ही आशा इथे सहसा फळत नाही. वरचं तांबं विरघळवून खाली नेऊन साठवायला आम्ल लागतं आणि ते पायराइट कुजून तयार होतं. पायराइट थोडं आणि चुनखडी भरपूर असेल तर आम्ल जागीच मरतं. तांबंही तिथल्या तिथे मॅलाकाइट होऊन बसतं. त्यातून उभी विहीर खणली तर ती मंद उताराचा भ्रंश ओलांडून लवकरच नीसमध्ये शिरते. पुढचं सगळं खोदकाम मग नीसमधलं, म्हणजे फुकट. वरच्या तुकड्यांतले तीव्र उताराचे भ्रंशही खाली येऊन याच भ्रंशात विरतात, त्यांच्यातलं खनिजही तिथेच संपतं.

जाडी मोजतानाही हा मंद उतार विसरला की गफलत होते. भ्रंश 20 अंश कललेला आणि आडवा बोगदा त्याच्या उताराच्या दिशेनं त्याला कापत 6 मीटर खनिजातून गेला, तर खरी जाडी साधारण 2 मीटरच. नमुना त्या जाडीवर सलग खोबण पाडून घ्यावा: 5 सेंटिमीटर रुंद, अडीच सेंटिमीटर खोल. दर मीटरला तीन किलोंहून थोडा जास्त माल निघतो. मलब्यावरचे हिरवे दगड वेचून केलेली परीक्षा कागदावर सुंदर दिसते, पण तिच्यावर विसंबू नये. समजा, 20 सेंटिमीटरांत 5 टक्के तांबं आहे आणि उरलेल्या 1.8 मीटरांत 0.1 टक्का, सरासरी जेमतेम 0.59 टक्के. असा पट्टा 30 मीटर लांब आणि उतारावर 20 मीटर धरला, घनता 2.7 घेतली, तर 3,240 टन दगड आणि त्यात सुमारे 19 टन तांबं.

प्रयोगशाळेकडून एकूण तांबं आणि आम्लात विरघळणारं तांबं असे दोन्ही आकडे मागा. तांबं गंधकाम्लात विरघळवून काढायचं असेल तर कॅल्कोपायराइट सौम्य गंधकाम्लाला दाद देत नाही, आणि चुनखडी तर ते आम्ल पिऊनच टाकते.

हे सगळं पाहूनही ड्रिल घ्यावंसं वाटलं तर ते उभंच घ्या. सपाट जागेवर, भ्रंश उघडा दिसतो तिथून उताराच्या दिशेला 50 मीटरवर, तो (20 अंश कललेला धरून) 18 मीटर खोलीच्या आसपास लागायला हवा. क्लोराइटी कोणाश्मात पाच-सहा मीटर गेल्यावर थांबवा.