टेकाडाच्या पोटातले वरून किती कळते?

इतिहासपूर्व काळातील दफनटेकाडांविषयी, म्हणजे मृतांवर रचलेल्या मातीच्या ढिगांविषयी, वाचताना हल्ली आधी भूभौतिक सर्वेक्षणाचा, म्हणजे न खणता यंत्रांनी जमिनीतील फरक मोजून काढलेला, करडा नकाशा समोर येतो आणि उत्खननाचा छेद मागाहून. हा क्रम मला योग्यच वाटतो. मात्र नकाशात गोल खंदक उमटला की टेकाड उलगडले, असे जे मानले जाते ते पटत नाही.

तो खंदक दिसतो कशामुळे? जाळामुळे आणि सेंद्रिय द्रव्ये कुजल्यामुळे वरच्या मातीतील लोहसंयुगे अधिक चुंबकीय झालेली असतात, आणि टेकाडाभोवतीचा खंदक कालांतराने त्याच मातीने बुजतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ५०,००० नॅनोटेस्लाचे (नॅनोटेस्ला हे अशा क्षेत्राच्या तीव्रतेचे एकक). बुजलेल्या खंदकाने त्यात पडणारा फरक बहुधा मोजक्या नॅनोटेस्लांचा. म्हणून हा फरक टिपणारा मॅग्नेटोमीटर घेऊन चालणाऱ्याच्या विजारीला लोखंडी चेन किंवा बुटात पोलाद चालत नाही, आणि शेतात पडलेला एखादा गंजका खिळासुद्धा नकाशावर खंदकापेक्षा ठळक उमटतो. दफनाची दगडी कोठडी शोधायची तर विद्युतरोध मोजणे अधिक उपयोगी, कारण दगड विजेला अडवतो आणि ओल धरलेली माती तिला वाट देते. जमिनीत रेडिओलहरी सोडणाऱ्या रडारने खोलीचाही अंदाज येतो, पण चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात.

नॉर्वेतील येल्लेस्टाड येथे २०१८ मध्ये, नांगरटीने सपाट झालेल्या टेकाडाखाली, रडारला दफनासाठी पुरलेल्या सुमारे २० मीटर लांबीच्या जहाजाचा आकार दिसला. ते व्हायकिंग काळातले, म्हणजे येथील विषयापेक्षा बरेच अलीकडचे; तरी उदाहरण बोलके आहे. आकार यंत्राने दाखवला, पण लाकूड बहुतांशी कुजून गेले आहे, हे खणल्यावरच कळले.

खणण्याच्याही तऱ्हा असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी विल्यम कनिंग्टन आणि रिचर्ड कोल्ट होर यांनी इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात शेकडो टेकाडे उघडली, तीही बहुधा मधोमध खड्डा घेऊन. कडेची नंतरची दफने या पद्धतीत सहज निसटतात. पुढे डच पुरातत्त्वज्ञ वान गिफेन यांनी रूढ केलेल्या पद्धतीत टेकाडाचे चार भाग करून मध्ये अधिकच्या चिन्हासारखे बांध राखतात. त्या बांधाच्या उभ्या छेदात तळाशी बोटभर जाडीची काळसर रेघ कधीकधी दिसते. ती टेकाड रचण्यापूर्वीची जमीन असते, आणि तिच्यातील परागकणांवरून त्या वेळी तेथे रान होते की कुरण, हे ठरवता येते. मला तर दफनातील सोन्यापेक्षा ही रेघ मोलाची वाटते.

उत्खननात जे खणले ते पुन्हा जागेवर ठेवता येत नाही. म्हणून चर कोठे घ्यायचा, हे ठरवण्यापुरता नकाशा मला हवा असतो. समजा, दोन वर्तुळाकार खंदक एकमेकांना छेदताना दिसतात. आधीचा कोणता, हे नकाशावरून सहसा सांगता येत नाही. पण नेमक्या छेदाच्या जागी एकच अरुंद चर घेतला, तर एका खंदकाचा भराव दुसऱ्याने कापलेला दिसतो, आणि तळाशी कोळसा मिळालाच तर कार्बन-१४ पद्धतीने कालमापनही होते.