आल्प्स दारात, स्कीइंग बल्गेरियात

म्युनिकला राहून स्कीइंगसाठी बल्गेरियाला जाणं म्हणजे नाशिककराने द्राक्षं आणायला परगावी जाण्यासारखंच. पण ऑस्ट्रियातल्या आठवड्याचा हिशेब मांडला आणि बायकोने मुकाट्याने लॅपटॉप मिटला. फेब्रुवारीत शाळांना सुट्ट्या लागल्या की तिथल्या खोल्यांचे भाव बघवत नाहीत. शेवटी मार्च २०२५मध्ये आम्ही पिरिन पर्वताच्या पायथ्याचं बान्स्को गाठलं. सोफियाहून बसने तीनेक तास.

तिथे सगळंच स्वस्त असतं असं मात्र नाही. स्कीइंगसाठी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास खिशाला चांगलाच जाणवतो. पैसे वाचतात ते खोलीत आणि ताटात. तिथल्या खानावळीला मेहाना म्हणतात. दगडी भिंती, धगधगती शेकोटी, घेवड्याचं गरम सूप आणि वर पांढरं चीज किसलेलं शोप्स्का सॅलड. दोघं पोटभर जेवलो, तरी बिल पुन्हा तपासून पाहिलं. काहीतरी लावायचं राहिलंय असं वाटलं! तेव्हा लेव्ह हे तिथलं चलन चालायचं, १ जानेवारी २०२६पासून युरो आलाय. आणि बल्गेरिया आता पूर्णपणे शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात असल्याने, भारतातून शेंगेन व्हिसा घेऊन येणाऱ्यांना बल्गेरियाचा वेगळा व्हिसा लागत नाही.

गावातून वर बांदेरिश्का पोल्यानाला जाणाऱ्या गोंडोलासाठी, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेसाठी, सकाळी रांग लागते. साडेसातला उभे राहा, दिवस सार्थकी लागतो.

बूट भाड्याने घेताना मी शहाणपणा केला. मोजे जाड म्हणून एक नंबर मोठे घेतले. बुटात टाच उचलली जायची, मी डावीकडे वळायचो आणि स्की सरळ जायच्या. दिवसभरात इतका आपटलो की मोजणं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराने पाय आवळणारे बूट दिले, आणि त्याच स्की निमूटपणे ऐकायला लागल्या.

चौथ्या दिवशी, संध्याकाळी गोंडोलाने उतरायच्या बेतात होतो. खाली गावापर्यंत स्कीवरून जायचाही एक लांबच लांब रस्ता आहे. प्रशिक्षकाने त्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. मी घाबरून जोरजोरात मान आडवी हलवली. बल्गेरियात त्याचा अर्थ ‘हो’ होतो, हे तो खूश होऊन पुढे निघाल्यावर बायकोने सांगितलं.