तुम्ही विचारलेत म्हणून : माल नेमका अडतो कुठे?

समृद्धी महामार्ग झाल्यापासून जालन्याचा माल मुंबईजवळच्या न्हावा-शेवा बंदरात झटपट पोहोचत असेल ना, असे मला मोंढ्यात म्हणजे शेतमालाच्या बाजारात, लग्नकार्यात, गावाकडे गेल्यावर हमखास विचारले जाते. सोयाबीन आणि कापसाच्या गाठी उतरवून घेणे, थप्प्या लावणे आणि वेळेत रवाना करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला आणि रस्त्यावरचा वेळ निश्चितच वाचला. परंतु मालाचा बराचसा वेळ धावण्यात नव्हे, तर उभे राहण्यात जातो : फाटकावर, वजनकाट्यावर, हमालांची टोळी मोकळी होईपर्यंत, किंवा बिल्टीवरचा, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवरचा आकडा आणि प्रत्यक्ष पोती जुळत नाहीत म्हणून.

दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढते तेव्हा हे स्पष्ट दिसते. मोंढ्यातला सौदा आटोपला की साऱ्या गाड्या दुपारनंतर एकदमच येतात. सकाळी रिकामी बसलेली टोळी संध्याकाळी पुरत नाही आणि पहिल्याच गाडीच्या मालात ओलावा जास्त निघाला, तर तो वाद मिटेपर्यंत मागची सगळी रांग खोळंबते. यावर माणसे वाढवणे हा महागडा उपाय आहे. आम्ही आदल्या संध्याकाळी आडत्यांना आणि ट्रान्सपोर्टवाल्यांना फोन करून गाड्यांच्या वेळा वाटून देतो आणि ओलावा गाडी धक्क्याला लागण्यापूर्वी, फाटकातच तपासतो. टोळी तीच असूनही गाड्या लवकर सुटतात, कारण काम दिवसभर सारखे पसरते.

दुसरी गोष्ट अनेक गोदाममालकांना पटत नाही. गोदाम छतापर्यंत ठासून भरले म्हणजे त्याचा पुरेपूर उपयोग झाला, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात थप्प्यांमध्ये वाट उरली नाही, तर मागचा जुना माल काढण्यासाठी पुढचा नवा माल हलवावा लागतो, म्हणजे एकच पोते दोनदा उचलले जाते. आमच्याकडे हमाली पोत्यावर ठरते, चालण्यावर नाही. त्यामुळे पन्नास किलोचे ओझे पाठीवर घेऊन हमाल जे अंतर विनाकारण चालतो, त्याचा मोबदला त्याला कोणीच देत नाही. हमालांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे, पण थप्पी कुठे लावायची हे कायदा सांगत नाही, ते गोदाम चालवणाऱ्यानेच ठरवायचे असते. लवकर जाणारा माल दाराजवळ ठेवावा आणि भाडे बुडते असे वाटले तरी थोडी जमीन मोकळी सोडावी, असे माझे ठाम मत आहे.

निर्यातीच्या कंटेनरचे गणित याहून नाजूक आहे. जहाजासाठी बंदराचे फाटक ठरावीक मुदतीपर्यंतच उघडे असते. कंटेनर उशिरा पोहोचला तर तो पुढच्या जहाजावर जातो, फार लवकर पोहोचला तर बाहेर ताटकळतो. जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचे प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही, म्हणून काट्याची पावती आणि कागदावरचा आकडा एकच असला पाहिजे. कंटेनरच्या दाराला लावलेल्या सीलचा क्रमांक मोबाइलमधल्या फोटोवरून न उतरवता, एकाने थेट सीलवरून मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने लिहून परत वाचून दाखवायचा, असा आमचा नियम आहे. एक अंक चुकला तर चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास वेगात करून आलेली गाडी बंदराच्या दारात अडकून पडते.

जालन्याच्या ड्राय पोर्टबद्दलही, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर भरून, तपासून बंदराकडे रवाना करण्याच्या केंद्राबद्दलही, मला विचारले जाते. २०१५ मध्ये त्याची पायाभरणी झाली तेव्हापासून आम्हाला त्याची आस आहे. आज रिकामा कंटेनर बंदराकडून मागवावा लागला, तर येतानाच्या त्या रिकाम्या फेरीचे भाडे शेवटी आपल्याच मालावर चढते. म्हणून ड्राय पोर्टच्या इमारतींपेक्षा मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात : तिथे रिकामे कंटेनर कायम उपलब्ध असणे, सीमाशुल्काची तपासणी तिथेच पुरी होणे आणि मालगाडी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी सुटणे. गाडीचा वार पक्का कळला, तर गाठी कधी बाहेर काढायच्या आणि टोळी कधी बोलवायची, हे मला आठवडाभर आधी ठरवता येईल.