लेकीने घेतलेली आई

मालवाहू विमानाला खिडक्या नसतात. प्रवाशांचे जुने विमान मालासाठी वापरायचे ठरले, की त्यातल्या खुर्च्या काढतात, खिडक्या बुजवतात आणि बाजूला एक भलेमोठे दार पाडतात. त्यानंतर त्या विमानातून ढगांकडे पाहणारे वैमानिकांखेरीज कोणी उरत नाही. म्हणूनच की काय, प्रवासी कंपनी बुडाली की तिचे चमचे आणि तिकिटांची पाकिटे जपणारे हळवे लोक निघतात, आणि मालवाहू कंपनीचे सुतक मात्र कोणी पाळत नाही.

ब्राझीलची व्हारिगलॉग अशीच गेली. तिची आई म्हणजे व्हारिग ही विमानकंपनी, 1927 साली पोर्तू अलेग्री शहरात जन्मलेली आणि पुढे कित्येक दशके जगभर ब्राझीलचे नाव मिरवणारी. 2000 साली तिने मालाचा कारभार वेगळा काढून लेकीला स्वतंत्र चूल मांडून दिली. पण आई कर्जात इतकी रुतत गेली, की 2005 मध्ये तिला न्यायालयाचा आसरा घ्यावा लागला आणि घर चालवण्यासाठी दागिने मोडावेत तशी तिने ही लेकच विकली. पुढचे कथानक एखाद्या नाटकात आले असते, तर आपण ते अतिरंजित म्हणून हसण्यावारी नेले असते: जुलै 2006 च्या लिलावात त्याच व्हारिगलॉगने 2 कोटी 40 लाख डॉलरांना आईलाच विकत घेतले. (पुढे भांडवल घालण्याचे वचन निराळे.) वर्षही पुरते झाले नव्हते, तोच मार्च 2007 मध्ये गोल या विमानकंपनीने त्याच व्हारिगसाठी सुमारे 32 कोटी डॉलर मोजायचे कबूल केले.

लेकीने कृतघ्नपणा केला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण पैसा लेकीचा नव्हताच. पाठीशी एक अमेरिकी गुंतवणूक निधी होता, आणि विमानकंपनीत परकीयांचा मताधिकार 20 टक्क्यांपुढे जाऊ न देणारा ब्राझीलचा तेव्हाचा कायदा आडवा येत असल्यामुळे पुढे उभे होते स्थानिक भागीदार. पैसे हाती आल्यावर त्यांचे आपसांत फाटले आणि भांडण कोर्टात गेले. 2009 मध्ये लेकीनेही न्यायालयाचा आसरा घेतला. 2012 मध्ये तिची विमाने थांबली.

व्हारिगच्या मालवाहतुकीतले लोकांच्या स्मरणात राहिलेले उड्डाण मात्र लेकीच्या जन्माआधीचे, आणि तेही न पोहोचलेले. 30 जानेवारी 1979 रोजी टोकियोहून निघालेले बोइंग 707 सहा कर्मचाऱ्यांसह प्रशांत महासागरावर नाहीसे झाले. त्यात मानाबू माबे या चित्रकाराची अनेक चित्रे होती. विमान, माणसे, चित्रे, काहीच सापडले नाही.