बुरुजाचं टोक

नकाशामागचा पुठ्ठा सोडवायच्या दिवशी आपण समोर हवं, एवढी एकच अट त्यांनी घातली होती. त्या दिवशी सकाळी नऊला ते दारात उभे. वय ऐंशीच्या आसपास, दोन बस बदलून ह्यूस्डनहून आलेले. तोंडावर मी त्यांना तिथल्या रीतीने आडनावाने हाक मारते, मनात मात्र ‘आजोबा’ म्हणते.

मी नेदरलँड्समध्ये जुन्या कागदांच्या जतनाचं काम करते. आजोबांचा नकाशा महिन्याभरापूर्वी आमच्याकडे आला. ताम्रपत्र्यावर कोरून छापलेला आणि हाताने रंगवलेला ह्यूस्डनचा आराखडा. मध्ये गाव, भोवती मातीचा तट, बाणाच्या टोकासारखे बाहेर आलेले बुरूज, मग खंदक. सह्याद्रीतले किल्ले पाहत वाढलेल्या माणसाला हे किल्ले आधी किल्ले वाटतच नाहीत. उंची नाही, कातळ नाही, काळा दगड नाही. तोफगोळा दगडी भिंत फोडतो, पण मातीच्या जाड तटात रुतून बसतो. डोंगर नसलेल्या देशाने माती आणि पाणी यांचाच गड केला.

योआन ब्लाऊ या डच नकाशाकाराने १६४९ साली अशा दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे दोन खंडांत काढले. आदल्याच वर्षी स्पेनशी तह झाला होता, म्हणून एका खंडात स्वतंत्र झालेल्या प्रांतांची शहरं आणि दुसऱ्यात स्पेनच्या ताब्यात राहिलेली. पुढे त्याच्या पत्र्यांपैकी बरेच फ्रेडरिक द विट या प्रकाशकाकडे गेले आणि त्याने शतकाच्या शेवटी ते पुन्हा छापले. त्यामुळे पुढून पाहून नुसत्या चित्रावर कोणती छपाई ते सांगणं अवघड. खूण असते पाठीवर. ब्लाऊच्या ग्रंथात नकाशाच्या मागे शहराची माहिती छापलेली असते, द विटच्या छपाईत पाठ कोरी. आजोबांना विकणाऱ्याने सांगितलं होतं, नंतरची छपाई आहे. पण पाठ पाहणार कशी? कुणीतरी अख्खा नकाशा सरसाने जाड पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलेला.

तो पुठ्ठा आम्लाने तपकिरी पडला होता आणि कागदालाही सोबत नेत होता. त्याहून मोठं दुखणं हिरव्या रंगाचं. तट रंगवायला जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, वापरलेलं. त्यातलं तांबं कागदाचे तंतू जाळत जातं, आणि पाणी लागलं की ते आजूबाजूला पसरतं. चिंध्यांपासून बनवलेला, पावणेचारशे वर्षांचा तो कागद इतर ठिकाणी अजून वाजत होता, बोट टेकवलं की जाणवावा इतका ताठ. फक्त हिरव्या पट्ट्यांखाली करपलेल्या पापडासारखा. एका बुरुजाचं टोक तर गेलंच होतं. नखाएवढी जागा, आणि तिच्यातून पुठ्ठा दिसत होता. उरलेला तट केवळ पुठ्ठ्यामुळे जागेवर होता. म्हणजे जो कागदाला मारतोय, त्यानेच त्याला धरून ठेवलंय.

पहिल्या आठवड्यात माझ्या हातून चूक होता होता राहिली. कडेच्या कोऱ्या भागावर ओलसर टिपकागद ठेवून सरस मऊ होतो का ते पाहत होते. ओल हळूहळू हिरव्याकडे सरकली. अर्ध्या मिनिटात उचलला म्हणून निभावलं. त्यानंतर पाण्याचं नावच काढलं नाही. पुढच्या बाजूने तटावर पातळ जपानी कागद लावला, स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या डिंकाने, म्हणजे चुरा जागचा हलणार नाही. मग नकाशा पालथा केला.

आजोबा खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाला बसले. मी पुठ्ठ्याचे पापुद्रे एकेक करून काढत होते, बोथट पातं जवळजवळ आडवं धरून. दुपारी एकपर्यंत पुठ्ठ्याचा शेवटचा थर आणि त्याखाली सरस, तडकलेला, मधाच्या रंगाचा. वाळलेला सरस पात्याने खरवडला की खपल्या निघतात. तिसऱ्या की चौथ्या खपलीखाली काळं काहीतरी दिसलं. वाटलं, बुरशी. भिंग लावलं. अक्षराची मान होती. आणखी खपल्या काढल्या, शब्द झाला, ओळ झाली. लॅटिन.

मी आजोबांना भिंग दिलं. त्यांना लॅटिन येत नव्हतं, मलाही जेमतेमच. पण पाठ कोरी नाही, हे दोघांना कळलं होतं. ब्लाऊचा कागद.

किंमत वाढली म्हणून ते खूश झाले असतील असं मला वाटलं. ते म्हणाले, “म्हणजे हाच. याच्यावरूनच आम्ही तो बांधला.”

ह्यूस्डनचं किल्लेपण १८२१ साली संपलं, पुढे तट सपाट झाले. नोव्हेंबर १९४४मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नगरभवन उडवलं, तळघरात आसरा घेतलेली १३४ माणसं त्यात गेली. १९६८पासून गावाने आपले तट-खंदक पुन्हा उभे केले आणि नमुना म्हणून समोर ठेवला तो ब्लाऊचा नकाशा. आजोबा तेव्हा विशीतले. माती ओढायच्या कामावर होते. “घरी सगळे विचारायचे, खड्डे भरायच्या काळात तुम्ही खंदक कसले खणताय?”

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. तिथल्या डच वखारीच्या पडक्या भिंतींत आम्ही लपाछपी खेळलो. वखार १६३७ची, आणि १६३८पासून डच ईस्ट इंडिया कंपनीचा नकाशाकार होता हाच ब्लाऊ. हे मी आजोबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, वखारीच्या भिंती अजून आहेत ना?

चहा झाल्यावर त्यांनी गेलेल्या टोकाचा विषय काढला. तिथे कागदाचा तुकडा भरशील ना? हो. आणि रेषा? रेषा नाही ओढणार, म्हटलं. जपानी कागदाचा जुळता तुकडा त्याच स्पिरिटमधल्या डिंकाने बसवेन, रंग आसपासच्या कागदाचा, पण कोरीव काम माझ्या हाताने नाही.

“अख्खा बुरूज आम्ही मातीचा पुन्हा रचला,” ते म्हणाले, “आणि तुला दोन रेषा ओढवत नाहीत?”

उत्तर मला लगेच सुचलं नाही. खरं सांगायचं तर प्रश्न रास्त होता. शेवटी मी म्हणाले, तुम्ही रचू शकलात, कारण या कागदात कुणी आपल्या मनाचं काही घातलं नव्हतं. मी आज रेषा ओढली, तर उद्या बघणाऱ्याला माझी कुठली आणि ब्लाऊची कुठली, ते कळणार नाही. दुसऱ्या प्रतीवरून नक्कल करून दिली तरी ती वेगळ्या कागदावर देईन, यावर नाही.

ते बराच वेळ पालथ्या नकाशाकडे पाहत राहिले. मग माझी पेन्सिल घेतली, पाकिटातून बसचं जुनं तिकीट काढलं, आणि त्याच्या मागे बुरुजाचं टोक काढलं. दोन रेषा, त्यांच्यामधला कोन, बाहेर खंदकाचा काठ. न थांबता, हात न कापता.

“हे त्याच्याबरोबर ठेव,” म्हणाले.

तिकिटाचा कागद आम्लयुक्त असतो. ते मी वेगळ्या पाकिटात घातलं, नकाशाच्या खोक्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला.