न्यूट्रिनोसाठी विहिरीत उतरले तेव्हा

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टचा विषय विचारला तेव्हा मी सरळ सांगितलं, न्यूट्रिनो. म्हणजे दगडमातीतूनही जवळजवळ न अडता आरपार जाणारा, विद्युतभार नसलेला अतिसूक्ष्म कण. सर म्हणाले, "न्यूट्रिनो आपल्याला इथं दिसणार नाही. पण त्याच्या वाटेत आडवं काय येतं ते मोजता येईल. आधी ते मोज." त्या वाक्यावर माझे पुढचे सात महिने गेले.

विषय डोक्यात बसला होता तो कोलारमुळे. आमच्याच कर्नाटकातल्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सव्वादोन किलोमीटरांहून खोल, 1965 साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची जगातल्या पहिल्या नोंदींपैकी एक नोंद झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्था, जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ अशा तिघांचं ते काम. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणीत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइन्स यांच्या गटालाही तेच दिसलं. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा वाटलं, इतकी मोठी गोष्ट आपल्या एवढ्या जवळ घडली आणि आपण पोटासाठी गाठावं लागणारं गाव म्हणूनच कोलारचं नाव ऐकत आलो.

आता अडचण काय ते सांगते. आकाशातून येणारे वैश्विक किरण हवेतल्या अणुकेंद्रांवर आदळले की पायॉन नावाचे अल्पायुषी कण तयार होतात. ते विघटित होऊन म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण, आणि न्यूट्रिनो देतात. न्यूट्रिनो पृथ्वी आरपार ओलांडतो. क्वचित एखादा दगडातल्या अणुकेंद्राला धडकतो आणि म्युऑन बाहेर काढतो. आपल्या यंत्राला दिसतो तो हा म्युऑन. पण वरून थेट येणारे म्युऑनही अगदी तसेच, आणि ते इतके की आडव्या धरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो. या गर्दीत न्यूट्रिनोचा म्युऑन ओळखायचा कसा? म्हणून खाली जायचं, डोक्यावर दगड घ्यायचा. कोलारच्या सर्वांत खोल जागी दोन महिने वाट पाहूनही वरून आलेला एकही म्युऑन नोंदला गेला नव्हता, आणि तिथूनच न्यूट्रिनो शोधायचं धाडस आलं.

माझ्याकडे खाण नव्हती. आबांच्या मळ्यात जांभ्यात खणलेली चाळीस फुटांची विहीर होती.

यंत्र साधं. वीस सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या, एक सेंटिमीटर जाडीच्या प्लॅस्टिक सिंटिलेटरच्या दोन पाट्या, एकीच्या वर दुसरी, वीस सेंटिमीटर अंतरावर. म्युऑन गेला की पाटीत क्षीण प्रकाश चमकतो, फोटोमल्टिप्लायर नळी त्याचं विजेच्या स्पंदात रूपांतर करते. दोन्ही पाट्यांत एकाच क्षणी स्पंद आला तरच मोजायचा. पहिला महिना नुसता काळी टेप लावण्यात गेला. सुईच्या टोकाएवढ्या फटीतून उजेड शिरला तरी नळी ओरडत सुटते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च घेऊन कडा न् कडा तपासली. मग नळीला दिलेला विजेचा दाब थोडा थोडा वाढवत जायचं आणि मोजणी कुठं स्थिर होते ते पाहायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण इथं घाई केली की पुढचा एकही आकडा विश्वासाचा राहत नाही, हे मी आज ठामपणे सांगेन.

यंत्र मळ्यातल्या खोपीत नेलं. मिनिटाला शंभराच्या आसपास म्युऑन येत होते. तासाला सहा हजार. मोजणीतली अनिश्चितता संख्येच्या वर्गमुळाएवढी, म्हणजे सहा हजारांत सत्त्याहत्तरच्या आसपास. मनासारखं चाललं होतं. तिसऱ्या रात्री वही चाळताना दिसलं : 103, 98, 190, 99. असलं 190 आधीच्या दोन्ही रात्रीही होतं, तेही अकराच्या सुमाराला. क्षणभर छाती धडधडली. वैश्विक किरणांचा मोठा वर्षाव असेल का? पण आकाश रोज घड्याळ बघून कशाला वर्षाव करेल?

पडताळणी म्हणून पाट्या एकमेकींपासून आठ मीटर दूर ठेवल्या. आता एकच म्युऑन दोन्हींतून जाणं शक्य नव्हतं. तरी अकराला आकडा उसळला. थ्री फेज करंट यायची तीच वेळ. शेजारच्या मळ्यातली मोटर सुरू झाली की दोन्ही केबलींत एकदमच विजेचा धक्का उमटायचा आणि यंत्र तो म्युऑन म्हणून मोजायचं. केबलींना फॉइल गुंडाळली, अर्थिंग नीट केलं, करंट सोडून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर गेले. रात्रीची जुनी सगळी मोजणी टाकून दिली. त्या रात्री रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण सरांच्या वाक्याचा अर्थ मला त्या मोटरीनं शिकवला.

मे महिन्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. बुट्टीत यंत्र बांधून, वर प्लॅस्टिक पांघरून दोराने सोडलं. दहा फुटांवर आकडा फारसा हलला नाही. मी दगडाची एक सलग लादी धरून हिशेब केला होता, त्यात तो बराच उतरायला हवा होता. रात्रभर विचार करून लक्षात आलं की विहिरीला तोंड आहे. बारा फुटांच्या त्या तोंडातून वरून येणारे म्युऑन निर्धोक आत येतात, अडतात ते फक्त तिरपे. प्रत्येक कोनासाठी दगडातलं अंतर वेगळं धरून हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा दहा, वीस, तीस फुटांचे आकडे जुळत गेले. तळाला मिनिटाला त्रेचाळीस. शंभराचे त्रेचाळीस व्हायला चाळीस फूट जांभा लागला.

काठावर बसलेल्या आबांनी विचारलं, "हिरीत काय मोजूलीस गं एवढं?" मी म्हटलं, "आबा, वरनं काय येतं ते. म्हणजे बाजूनं आलेलं वेगळं काढता येईल."

शेवटच्या दोन दिवसांत बुट्टीतलं यंत्र आडवं केलं, म्हणजे पाट्या उभ्या झाल्या आणि बाजूनं येणारे म्युऑन मोजता आले. कोलारलाही सिंटिलेटरच्या भिंती अशाच उभ्या होत्या. खोलवर आडव्या दिशेनं वरचे म्युऑन पोचतच नाहीत, आणि न्यूट्रिनो दगडात जन्म देतो ते म्युऑन तिथून येऊ शकतात. माझ्या विहिरीत आडवेही मिनिटाला दोन-तीन आलेच. ते सगळे वरून तिरपे आलेले. मग कोलारला मोजलेल्या प्रमाणावरून हिशेब केला, की एवढ्याशा दोन पाट्यांतून न्यूट्रिनोनं घडवलेला एक म्युऑन जायला किती वेळ लागेल. उत्तर आलं, दीडशे ते दोनशे वर्षं. तेही डोक्यावर दोन किलोमीटर दगड असेल तर.

तो आकडा मी प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर लिहिला. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, तेव्हा बुट्टी घाईनं वर ओढली आणि पाट्या पुसून खोपीत ठेवल्या.