पाकिटामागे तेरा रुपये

गेल्या महिन्यात वाणसामान भरायला मी आमच्या भागातल्या एका मोठ्या साखळीच्या सुपरमार्केटमध्ये गेले होते. तूरडाळीच्या एक किलोच्या पाकिटांखाली, फळीच्या कडेला लावलेल्या कागदी पट्टीवर १४९ रुपये असा दर छापलेला होता, आणि तो पाहूनच मी एकाऐवजी दोन पाकिटे ट्रॉलीत ठेवली. बिल हातात आल्यावर तिथेच बाजूला उभे राहून ते वाचायची मला सवय आहे. त्यात डाळीचा दर १६२ रुपये लागला होता. काउंटरवरच्या मुलीने पाकीट पुन्हा स्कॅन केले आणि म्हणाली, "ताई, सिस्टीममध्ये हाच रेट येतोय." मी परत आत जाऊन पट्टीचा फोटो काढून आणला. मग मॅनेजर आले. त्यांनी फोटो पाहिला, पाकीट उलटे करून त्यावरची छापील किंमत माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मॅडम, एमआरपी १९५ आहे. त्यापेक्षा कमीच लावलंय ना आम्ही?"

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. माझ्या बहिणीला ते तेलाच्या डब्याबाबत ऐकवले गेले होते आणि शेजारच्या काकूंना कपड्यांच्या साबणाबाबत, तेही निरनिराळ्या साखळ्यांच्या दुकानांत. काकू तर ते ऐकून ओशाळल्या आणि पैसे भरून बाहेर पडल्या. इतक्या लोकांना गप्प करणारे हे उत्तर बरोबर आहे का, हे एकदा नीट तपासून पाहावे असे मला वाटले, म्हणून हे लिहीत आहे.

पाकिटावर सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आपल्याकडे १९९० च्या सुमारास आली, आणि आज ती वजनमापांसंबंधीचा वैध मापनशास्त्र कायदा, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित, म्हणजे पाकीटबंद, वस्तूंचे २०११ चे नियम यांनुसार चालते. ही किंमत म्हणजे वरची हद्द. तिच्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, कमी मात्र कितीही घेता येतात. आता हद्द १९५ ची असताना दुकानाने स्वतःच्या हाताने १४९ ची पट्टी लावली, तर त्या पट्टीला काहीच अर्थ नाही का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात तक्रार कशाकशाबद्दल करता येते हे सांगणारी जी व्याख्या आहे, तिच्यात मालावर किंवा वेष्टनावर लिहिलेल्या किमतीबरोबरच दुकानात लावलेल्या दरपत्रकातली किंमत आणि दोन्ही पक्षांत ठरलेली किंमत यांचाही वेगळा उल्लेख आहे. यांपैकी कोणत्याही किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले गेले, तर तक्रारीला जागा आहे. शिवाय मालाच्या किमतीबद्दल लोकांची दिशाभूल करणे ही याच कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. दर सांगायला कोणी माणूस नसलेल्या दुकानात फळीवरची पट्टी हाच दुकानाचा शब्द असतो, अशी माझी समजूत आहे आणि ती मी सोडणार नाही. मी १४९ वाचले, १४९ ला घ्यायचे ठरवले. १९५ चा आकडा या व्यवहारात कुठेच नव्हता.

असे होते कसे, हे मी नंतर त्याच दुकानात काम करणाऱ्या एका मुलाकडून समजून घेतले. बारकोडमागचा दर मुख्य कार्यालयातून संगणकावर बदलतो आणि तो सगळ्या दुकानांत एकाच वेळी लागू होतो. कागदी पट्ट्या मात्र प्रत्येक दुकानातल्या माणसांनी यादी छापून, कापून, फळीफळीवर जाऊन हाताने बदलायच्या असतात. एका सकाळी दोनतीनशे वस्तूंचे दर बदलले आणि त्या पाळीला चार माणसे असतील, त्यातली दोन माल उतरवायला गेलेली असतील, तर दुपारपर्यंत जुन्या पट्ट्या तशाच राहतात. म्हणजे कोणी खुर्चीत बसून आपल्याला फसवायचे ठरवले असेल असे मला वाटत नाही. पण दर उतरला की त्याचा लाल फलक त्याच सकाळी दारात लागतो, आणि दर चढला की जुनी पट्टी फळीवर राहते, हे मी गेले वर्षभर पाहत आले आहे. चूक नकळत होत असेल, तरी तिच्यामुळे होणारे नुकसान गिऱ्हाइकाचेच असते. पट्ट्या बदलायला माणसे पुरेशी ठेवायची नाहीत, हा खर्चाचा निर्णय आहे आणि तो दुकानाने घेतलेला आहे.

माझी आई डोंबिवलीत मुंबई ग्राहक पंचायतीच्या एका संघाची सभासद होती. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेची पद्धत अशी, की शेजारपाजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र भरतात आणि माल आला की एका सभासदाच्या घरी बसून आपापसांत वाटून घेतात. त्या यादीत दर आधी छापलेला असे आणि तोच लागे. डाळीत खडा निघाला तर पुढच्या बैठकीत बायका तो कागदाच्या पुडीत बांधून आणत आणि उत्तर मागत. नायगावच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत १९४८ साली सुरू झालेल्या अपना बाजारचा पायाही सहकाराचाच होता. तिथे गिऱ्हाईक सभासद असू शकत होते आणि सभासदाला प्रश्न विचारण्याचा अधिकार होता. कोपऱ्यावरच्या वाण्याचे मी गुणगान करणार नाही, कारण मापात मारणारे वाणीही आम्ही पाहिलेले आहेत. पण त्याच्या दुकानात दर विचारला की समोरचा माणूस तोंडाने सांगत असे आणि सांगितलेल्या दराला बांधील राहत असे. आता विचारायचे कोणाला, तर पट्टीला. आणि ती बोलते एक, यंत्र लावते दुसरे.

दराखालोखाल मला खटकते ती मुदत संपलेल्या मालाची गोष्ट, कारण तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. जुना माल फळीवर पुढे आणि नवा मागे लावायचा, ही साठवणुकीची योग्य रीत आहे, मात्र ती पाळताना तारखा रोज वाचल्या गेल्या पाहिजेत. मला आतापर्यंत मुदत उलटून गेलेले लोणी एकदा, मुदत संपलेली लहान मुलांची बिस्किटे एकदा आणि झाकण फुगलेले दह्याचे डबे दोनदा मिळाले आहेत. 'एकावर एक मोफत' म्हणून चिकटपट्टीने बांधलेल्या जोड्यांमध्ये तारीख नेमकी चिकटपट्टीखाली जाते, हेही मी सांगून ठेवते. अशी जोडी घेण्याआधी उलटसुलट फिरवून दोन्ही नगांच्या तारखा पाहाव्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ यानुसार मुदत संपल्यानंतर विकलेल्या अन्नपदार्थाची जबाबदारी विक्रेत्यावरही आहे. "कंपनीकडूनच तसं आलं" हे उत्तर तिथे टिकत नाही. अशा मालाची तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. मात्र पाकीट आणि बिल दोन्ही जपून ठेवावे लागते, आणि आपण नेमके पाकीटच रागाने फेकून देतो.

वजनाबाबत लोक माझ्याकडे नेहमी तक्रार करतात की पाकीट घरच्या काट्यावर कमी भरते. इथे थोडे सबुरीने घ्यावे लागते. नियमांमध्ये प्रत्येक वजनाला काही चूक मान्य केलेली आहे. अर्ध्या किलोच्या पाकिटाला ती १५ ग्रॅमपर्यंत आहे. पण एखाद्या दुकानाने स्वतः बांधलेली रवा-पोह्यांची पाकिटे दर वेळी कमीच भरत असतील, तर तिथे वैध मापनशास्त्र विभागाकडेच जायला हवे. भाजी तोलून देणाऱ्या काट्यावर थर्माकोलचे ताट किंवा जाड पिशवी आधी वजा केली जाते की नाही, एवढे मात्र प्रत्येकाने उभे राहून पाहावे. द्राक्षे घेताना त्या चार-सहा ग्रॅमनाही पैसे पडतात.

पिशवीचा प्रश्न २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आपल्याकडे वाढला. कापडी किंवा कागदी पिशवीला पैसे घेणे मला तत्त्वतः चूक वाटत नाही. पण आपली पिशवी दारात सुरक्षारक्षकाकडे ठेवायला लावायची आणि बिल झाल्यावर दुकानाची पिशवी विकत घ्यायला लावायची, हे कसे चालेल? राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये बिग बझारविरुद्धच्या चंदीगडमधील प्रकरणांत नेमके यावर बोट ठेवले. पिशवीला पैसे पडतील आणि किती पडतील, हे गिऱ्हाइकाला खरेदीच्या आधी ठळकपणे कळले पाहिजे. पैसे भरायच्या वेळी ते अंगावर टाकणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असा तो निर्णय होता. निर्णयाला इतकी वर्षे झाली, तरी आमच्या दुकानात पिशवीचा दर कुठेही लावलेला नाही.

बारा काउंटर आणि त्यांतले तीन चालू, ही तक्रार सगळेच करतात, म्हणून तिच्यावर फार लिहीत नाही. फक्त एक विनंती करते. त्या तीन काउंटरांवर जी मुले-मुली असतात, ती बहुतेक कंत्राटी असतात आणि तासन्‌तास उभी असतात. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले, हे वाचले तेव्हा मला आमच्या काउंटरवरच्या मुलीचे सुजलेले पाय आठवले. दर तिने ठरवलेला नाही, पट्टीही तिने विसरलेली नाही. तिच्यावर आवाज चढवून आपली तक्रार जिथे पोहोचायला हवी तिथे पोहोचत नाही.

ती पोहोचवायची कशी, तर लेखी. पट्टीचा फोटो, ज्यात दराबरोबर मालाचे नाव स्पष्ट दिसेल. बिलाचा फोटो, कारण त्या कागदावरची शाई दोन-तीन महिन्यांत उडून जाते. आणि दुकानाच्या तक्रार वहीतली नोंद. वही मागितली की ती सापडत नाही, असा माझा अनुभव आहे. मग साखळीच्या ग्राहक सेवेच्या पत्त्यावर मेल करावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. त्यानेही भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपण राहतो त्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा शिक्का बिलावर पाहून खचून जाऊ नये. सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणे हीदेखील २०१९ च्या कायद्यात अनुचित प्रथाच म्हटली आहे.

मी हेच केले. १९१५ वर नोंद केल्यानंतर आठ दिवसांत मला त्या साखळीच्या कार्यालयातून फोन आला, बोलणाऱ्या बाईंनी मनापासून दिलगिरी व्यक्त केली, आणि दुकानात जाऊन मी दोन पाकिटांचे सव्वीस रुपये परत घेतले. फळीवर तोपर्यंत १६२ ची नवी पट्टी लागली होती. मॅनेजर म्हणाले, "झालं ना मॅडम तुमचं काम?"

माझे झाले होते. पण जुनी पट्टी होती तोपर्यंत १४९ वाचून डाळ घेणारी मी एकटी नव्हते. माझ्या मागे रांगेत उभ्या असलेल्या आजोबांच्या टोपलीतही तेच पाकीट होते आणि त्यांना बिलावरची बारीक अक्षरे दिसत नव्हती. जी बिल वाचते, फोटो काढते आणि फोन लावते तिला तेरा रुपये परत द्यायचे आणि बाकीच्यांचे ठेवून घ्यायचे, याला तक्रारीचे निवारण म्हणता येणार नाही. आणि त्या बाकीच्यांना शोधणे अवघडही नाही. दर संगणकात कोणत्या दिवशी, किती वाजता बदलला याची नोंद असते, पट्टी कधी बदलली हे दुकानाला ठाऊक असते, त्या मधल्या वेळात किती पाकिटे कोणत्या बिलांवर गेली हेही संगणक सांगतो. बिलांवर तर मोबाइल क्रमांक असतात, कारण क्रमांक सांगितल्याशिवाय हे लोक बिलच करत नाहीत. असा आग्रह धरू नये असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना स्पष्ट बजावलेले असतानाही तो चालूच आहे. सणाच्या सवलतीचे संदेश त्या क्रमांकांवर आठवड्याला दोनदा येतात. त्याच क्रमांकांवर 'आमची चूक झाली, तुमचे तेरा रुपये पुढच्या बिलात वळते केले आहेत' असा एक संदेश पाठवता येईल.

हे सगळे मुद्देवार लिहून, माझ्या तक्रारीचा क्रमांक देऊन, मी त्या साखळीच्या कार्यालयाला दुसरे पत्र पाठवले आहे, आणि त्याची एक प्रत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाठवली आहे, कारण एकापेक्षा अधिक ग्राहकांच्या हिताचा प्रश्न पाहण्यासाठीच २०२० मध्ये त्याची स्थापना झाली. पत्राला आज एकवीस दिवस झाले आणि दोन्हीकडून अजून उत्तर आलेले नाही. आले की ते इथे जसेच्या तसे देईन. तोपर्यंत, त्या आठवड्यात तुम्हीही तूरडाळ घेतली असेल आणि बिल जपून ठेवले असेल, तर ते एकदा काढून पाहा आणि मला कळवा.